शिंदी

दारव्ह्याहून यवतमाळास जाणाऱ्या प्रवाशास बोरी अरब येथे अडाण नदी ओलांडावी लागते. या मुलखात नदीनाल्यांच्या काठी, जेथे पावसाळ्यात पाणी साचते आणि पुढेही जमिनीत ओल टिकते, अशा सखल जागी शिंदीची रानटी झाडे वाढतात. त्यांची लागवड कोणी केलेली नसते. पक्ष्यांनी व जनावरांनी फळे खाऊन टाकलेल्या बियांतून ती आपोआप उगवतात.

शिंदी ही अरबस्तानातील खजुराची जवळची आप्त होय. तिच्यातही नर व मादी झाडे निरनिराळी असतात. फळ पिवळसर नारिंगी व गोड. परंतु बी मोठी आणि गर जेमतेम. पानांच्या बुडाशी तीक्ष्ण काटे असतात. सुगरण पक्षी त्या काट्यांच्या आश्रयाने, पाण्यावर झुकलेल्या झावळ्यांस आपली घरटी टांगतो. माणसास याच पानांपासून केरसुण्या व चटया मिळतात.

तथापि या झाडाचे नाव झाले, आणि बदनामही झाले, ते त्याच्या रसामुळे. हिवाळ्यात शेंड्याजवळ खाच पाडून तेथे मडके बांधतात. पहाटे उतरविलेला ताजा रस म्हणजे गोड नीरा. परंतु ऊन चढू लागले म्हणजे तोच रस आंबून मादक होतो. त्या मद्यासही लोक शिंदीच म्हणतात. यामुळे मद्याचा दोष झाडाच्या माथी आला. १९३० च्या सत्याग्रहात दारूबंदीच्या हेतूने अनेक ठिकाणी शिंदीची झाडे तोडण्यात आली.

यवतमाळच्या शेजारी वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मात्र निराळा मार्ग धरला. मडक्यास आतून चुना लावला तर रस आंबण्याचे लांबते, आणि तो वेळीच आटविला म्हणजे त्याचा उत्तम गूळ होतो. अर्थात दोष झाडाचा नव्हता. त्याचा उपयोग करणाराचा होता.

आता कुऱ्हाडीचे निमित्त बदलले आहे. शेत चार हात वाढावे म्हणून नाल्याचा काठ नांगरला जातो आणि शिंदी मुळासकट काढली जाते. परंतु तिची दाट, तंतूंसारखी मुळे काठाची माती धरून ठेवीत असतात. ती गेली म्हणजे, मिळविलेल्या चार हातांबरोबर मूळचे शेतही पुराच्या तोंडी जाते. म्हणून काठावरची शिंदी राखणे हे झाडावर उपकार करणे नव्हे. ते आपल्याच जमिनीचे रक्षण होय.