जुन्या संगणकास नवे बळ : हलकी लिनक्स प्रणाली आणि बिनतारी जोडणी

[शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर]



आजचा विषय तांत्रिक असला तरी त्याचा संबंध आपल्या रोजच्या कामाशी आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले अनेक संगणक आज शाळांतून व कार्यालयांतून आच्छादनाखाली पडून असतात. जडवस्तू नोंदवहीत त्यांची नोंद असते, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव केव्हा पाठवावा एवढाच प्रश्न उरलेला असतो. यांतील पुष्कळ यंत्रे मोडलेली नसतात. ती केवळ मंदावलेली असतात.

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. यंत्र धड असूनही ते टाकून द्यावे लागावे, अशी ही स्थिती आहे. यावरचा एक मार्ग म्हणजे हलकी लिनक्स प्रणाली. तो मार्ग बहुधा एकाच ठिकाणी अडतो, आणि ते ठिकाण म्हणजे वायफाय. म्हणून आज मी प्रामुख्याने त्याच अडथळ्याविषयी बोलणार आहे.

हलकी प्रणाली म्हणजे काय?

१९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. तो सर्वांस मोफत वापरता, तपासता व सुधारता येतो. या गाभ्याभोवती निरनिराळ्या संस्थांनी आणि स्वयंसेवकांनी अनेक प्रणाली उभारल्या आहेत. सी-डॅकने डेबियन या प्रणालीच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्ये आणली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळातील शासकीय शाळांत तर संगणकशिक्षण अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच चालत आले आहे. तेव्हा हा प्रयोग नवखा नाही.

पडद्यावरची सजावट कमी ठेवून रॅम वाचवणारी प्रणाली ती हलकी प्रणाली होय. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते आणि ४ जीबीवर सुखाने चालते. लुबुंटू ही अशीच दुसरी प्रणाली. अँटीएक्स तर अर्ध्या जीबीवरही सुरू होते. मात्र प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळे हलकी नाहीत, हे लक्षात असू द्यावे. इंटरनेटवर काम करावयाचे असल्यास ४ जीबी रॅम असावी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यास यंत्राच्या वेगात मोठा फरक पडतो. यंत्र ६४ बिटचे आहे की ३२ बिटचे, हेही आधी पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ सह बहुतेक मोठ्या प्रणालींनी ३२ बिट यंत्रांसाठीची स्थापना बंद केली आहे.

वायफाय का अडते?

वायफायचा अ‍ॅडॉप्टर, मग तो लॅपटॉपच्या पोटात असो वा यूएसबी खाचेत लावलेला असो, चालण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली म्हणजे अ‍ॅडॉप्टरमधील चिप. दुसरी म्हणजे त्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर. लिनक्समध्ये तो बहुधा गाभ्यातच असतो. तिसरी म्हणजे फर्मवेअर, अर्थात चिप सुरू होताना तिच्यात भरला जाणारा कंपनीचा लहानसा कार्यक्रम. यांतील एक जरी उणी असली तरी वायफाय चालत नाही, आणि दोष मात्र संपूर्ण संगणकास दिला जातो.

फर्मवेअर ही कंपनीची मालमत्ता असल्याने काही प्रणाली ते सोबत देत नसत. डेबियनने जून २०२३ मधील आवृत्ती १२ पासून ते आपल्या स्थापना-संचात समाविष्ट केले. म्हणून कोणाच्या संग्रहातील जुनी सीडी वापरण्यापेक्षा नवी आवृत्ती उतरवून घेणे श्रेयस्कर होय.

इंटेलच्या चिप सहसा त्रास देत नाहीत. अथेरॉसच्या जुन्या एन जातीच्या चिपही भरवशाच्या आहेत. जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना मात्र वेगळा ड्रायव्हर वा फर्मवेअर लागते. स्वस्त यूएसबी अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा रिअलटेकची चिप असते. तिचे प्रकार पुष्कळ आहेत. काही लगेच चालतात, तर काहींचा ड्रायव्हर गाभ्यात उशिरा आला. उदाहरणार्थ, ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपना २०२३ मधील ६.२ या गाभ्यापासून आधार मिळाला. तोच अ‍ॅडॉप्टर जुन्या आवृत्तीवर निर्जीव वाटतो आणि नव्या आवृत्तीवर तत्काळ चालू लागतो, त्याचे कारण हेच.

निदानाचा क्रम

वैद्य जसा क्रमाने तपासणी करतो, तसाच क्रम येथे पाळावा. क्रम सोडून चार उपाय एकदम केले, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही.

पहिली पायरी बटणाची. अनेक जुन्या लॅपटॉपना वायफाय चालू-बंद करण्याची कळ कडेला असते आणि ती नकळत सरकलेली असते. टर्मिनलच्या खिडकीत इंग्रजी लहान लिपीत ‘आर एफ के आय एल एल’ ही सहा अक्षरे टाइप केल्यास वायफाय कळीने रोखले आहे की प्रणालीने, ते दिसते.

दुसरी पायरी ओळखीची. यूएसबी अ‍ॅडॉप्टरसाठी ‘एल एस यू एस बी’ आणि आतील कार्डासाठी ‘एल एस पी सी आय’ ही अक्षरे टाइप करावीत. जोडलेल्या वस्तूंची यादी पडद्यावर येते. यूएसबीच्या यादीत चार-चार चिन्हांचे दोन गट असतात. पहिला गट निर्मात्याचा, दुसरा वस्तूचा. ही ओळ वहीत उतरवून ठेवावी, कारण जाणकारास विचारताना तिचाच उपयोग होतो. यादीत अ‍ॅडॉप्टर दिसतच नसेल, तर तो यंत्राच्या मागील खाचेत लावून पाहावा. काही अ‍ॅडॉप्टर आरंभी स्वतःस सीडी ड्राइव्ह म्हणवून घेतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. अशा वेळी पडद्यावर आलेली ती सीडी बाहेर काढण्याची सूचना दिली, की मूळ अ‍ॅडॉप्टर पुष्कळदा प्रकट होतो.

तिसरी पायरी ड्रायव्हर व फर्मवेअरची. येथे एक विचित्र पेच उभा राहतो : वायफाय चालण्यास ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर उतरविण्यास इंटरनेट हवे. हा पेच आपल्या खिशातील फोन सोडवितो. अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकास जोडावा आणि फोनमधील यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्स त्यास तारेची जोडणी समजते आणि सहसा वेगळा ड्रायव्हर मागत नाही. मग मिंटमधील ड्रायव्हर व्यवस्थापक उघडून सुचविलेला ड्रायव्हर घ्यावा. सिक्युअर बूट चालू असल्यास बाहेरून घेतलेला ड्रायव्हर नाकारला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी जाळ्याची. शेजारची जाळी दिसतात, पण आपले दिसत नाही, असे झाल्यास राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर आहे काय ते पाहावे. जुने अ‍ॅडॉप्टर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. जाळे दिसते पण परवलीचा शब्द बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर राउटरवरील सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ असण्याचा संभव असतो. ती डब्ल्यूपीए२ व ३ अशी संमिश्र करावी.

पाचवी पायरी घड्याळाची. वायफाय जोडले गेले, तरी एकही संकेतस्थळ उघडत नाही, असे जुन्या यंत्रांत वारंवार घडते. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे जोडणी नाकारतात. तारीख सुधारली आणि सेल बदलला, की काम होते.

जोडणी मधूनमधून तुटत असेल, तर वायफायची वीज-बचत बंद करून पाहावी. अ‍ॅडॉप्टर लोखंडी कपाटाआड असल्यास यूएसबीच्या लहान वाढीव तारेने तो मोकळ्या जागी आणावा. प्रणाली अद्ययावत केल्यावर वायफाय गेले असेल, तर बाहेरून बसविलेला ड्रायव्हर नव्या गाभ्यासाठी पुन्हा तयार झालेला नसतो. संगणक सुरू होताना मागील गाभा निवडल्यास तात्पुरते काम चालते.

स्थापनेपूर्वीची दक्षता

लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. त्यासाठी डिस्कवरील एकही अक्षर पुसावे लागत नाही. वायफाय, ध्वनी, प्रिंटर आणि मराठी कळफलक या चार गोष्टी तेथेच तपासाव्यात. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध असतो आणि लिबरऑफिस मराठीतही वापरता येते. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय स्थापनेचे बटण दाबू नये. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय खरोखरच सर्व काही पुसतो. म्हणून दाखले, निकालपत्रके व हिशेब यांची प्रत आधी अन्यत्र घ्यावी.

ग्रामपंचायतींसाठी आणखी एक सूचना. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि केवळ विंडोजसाठी तयार झालेली सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतीलच असे नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉण्टमधील मजकूरही युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. म्हणून स्वाक्षरीचा व हिशेबाचा मुख्य संगणक आहे तसाच राहू द्यावा आणि पडून असलेल्या दुसऱ्या यंत्रापासून आरंभ करावा.

नवा अ‍ॅडॉप्टर घेताना खोक्यावरील कंपनीच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या अ‍ॅडॉप्टरच्या दोन आवृत्त्यांत निरनिराळ्या चिप असू शकतात. चिप कोणती आणि ती आपल्या प्रणालीच्या गाभ्यात चालते काय, हे विचारून मगच पैसे द्यावेत. दहा संगणकांसाठी दहा अ‍ॅडॉप्टर एकदम न घेता एक घेऊन पाहावा.

मित्रहो, काही शे रुपयांच्या एका वस्तूपायी हजारो रुपयांचे यंत्र निर्लेखित होणे हे सार्वजनिक पैशाचे नुकसान आहेच. पण त्याहून मोठे नुकसान त्या मुलाचे आहे, ज्याला कळफलकावर हात ठेवण्याची संधी केवळ शाळेतच मिळते. निर्लेखनाच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्या यंत्रास एक पेनड्राइव्ह लावून पाहा आणि आढळले ते वहीत लिहून ठेवा. एका शाळेने केलेली नोंद शेजारच्या शाळेचा आठवडा वाचविते.