चाकांवरचे बिऱ्हाड

आदिलाबादहून निर्मलकडे निघालेल्या माणसाला वाटेत इचोडा लागते. पूर्वी ७ आणि आता ४४ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. नागपूर व हैदराबाद या दोन शहरांमधील मालमोटारी त्यावरून रात्रंदिवस धावत असतात. इचोड्याच्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू या चारही भाषा कानांवर पडतात, आणि पाटी वाचण्याइतका वेळ न देता मोटारी पुढे निघून जातात. परंतु पौष महिना लागला की याच आसमंतात एक निराळे वाहन दृष्टीस पडते. ते म्हणजे बैलांचा छकडा. मोटारीच्या मानाने त्याची चाल हास्यास्पद वाटेल. बैल ताशी चार किलोमीटरांच्या आसपास चालतात आणि तेही मनात असेल तेव्हा. असे असूनही ज्याला आज आपण मोटारघर म्हणतो, त्याचा हा थोरला भाऊ होय.

केसलापूरच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येच्या रात्री भरते. नागोबा हे गोंडांतील मेश्राम कुळाचे दैवत. पौषाची चंद्रकोर दिसली की कुळातील जाणती मंडळी छकड्यात बसून सिरिकोंड्याच्या कुंभारांकडे जातात आणि पूजेच्या मडक्यांची मागणी नोंदवून येतात. त्यानंतर मेश्रामांचा जथा गोदावरीच्या पाण्यासाठी हस्तिनमडुगूकडे अनवाणी निघतो. ही पुढची वाट पायांनीच तुडवायची असते. बाकी कुळातील कुटुंबे मात्र दूरदूरच्या गावांहून, काही महाराष्ट्रातूनही, बिऱ्हाड घेऊन केसलापुरास येतात. आणि ते बिऱ्हाड वाहून आणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीने केले आहे.

बैलगाडीत राहणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला त्यातील काव्य चटकन दिसते आणि कष्ट दिसत नाहीत. गाडीत धान्य, मडकी, अंथरूण, लेकरे आणि बैलांचा कडबा इतक्या सर्वांची सोय करायची. कडबा कमी घ्यावा तर बैल उपाशी, जास्त घ्यावा तर माणसांना पाय पसरायला जागा नाही. मोटारीचे यंत्र बंद करून स्वस्थ झोपता येते. बैलाचे तसे नाही. त्याला रात्री वैरण टाकावी लागते, पहाटे पाणी दाखवावे लागते. डांबरी सडकेवरून लांब जायचे तर त्याच्या खुरांना पत्र्या ठोकून घ्याव्या लागतात, नाही तर चार मजलांतच तो लंगडू लागतो.

आणि चाक! जुन्या गाडीची सारी दुखणी अखेर चाकापाशी येऊन थांबतात. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी ही रचना. धाव बसवताना ती आगीत लाल करतात. तापलेले लोखंड फुगते, ते चाकावर चढवून वर पाणी ओततात, आणि आकसताना ते लाकडाचा एकेक सांधा घट्ट आवळून घेते. पदार्थविज्ञानाचा हा धडा कोणत्याही शाळेत न गेलेल्या लोहाराला ठाऊक असतो. तथापि कोरड्या हवेत लाकूड सुकते, धाव सैल होऊन खडखडू लागते. मग जाणता गाडीवान मुक्कामाच्या ठिकाणी चाके ओढ्यात रात्रभर बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पिऊन फुगते व धाव पुन्हा बसते. हा उपाय काही दिवसांचाच असतो; पण प्रवासही काही दिवसांचाच असतो.

युरोपात हौसेखातर चाकांवरच्या घरात राहणे फार उशिरा सुरू झाले. पूर्वी आरमारात शल्यवैद्य असलेल्या गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधून घेतली. ती इतकी जड झाली की ओढायला दोन दांडगे घोडे लागत. पुढील रस्ता पाहून येण्यासाठी त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून आघाडीला जात असे. स्टेबल्सने ही मौज केली आणि नंतर पुस्तकही लिहिले. दख्खनच्या लमाणांनी शतकानुशतके हेच केले, पण पोटासाठी. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य व मीठ घेऊन जाताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. त्या तांड्यांबरोबर बायकामुलेही असत. चाकेसुद्धा नसलेले ते घर होते; बैलाची पाठ हाच त्याचा पाया.

मोटारीत बिछाना व चूल बसवण्याची कल्पना सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती फोक्सवॅगनच्या डब्यासारख्या गाडीमुळे. वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने १९५१ पासून तिच्यात झोपण्याजेवण्याची सोय करून देण्यास आरंभ केला. तिचे यंत्र पाठीमागे असे आणि ते पाण्याऐवजी हवेने थंड होत असे, त्यामुळे घाटात पाणी उकळण्याची धास्ती नव्हती. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातील तरुण अशा जुन्या गाड्या घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडीत थेट गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो मार्ग बंद पडला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोटारघरांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले.

जुने मोटारघर विकत घेणाऱ्याला आरंभी स्वस्ताईचा आनंद होतो. पहिल्या पावसात तो ओसरतो. छपराच्या सांध्यांतील चिकट लेप वाळून तडकलेला असतो आणि नेमके अंथरुणावरच पाणी ठिबकते. टायरवरील नक्षी नव्यासारखी खोल दिसते, पण उभ्या गाडीचेही रबर वयाने ताठरते. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ते न पाहता लांबच्या वाटेला लागणे म्हणजे धाव न तपासता गाडी जुंपण्यासारखेच. उतारावर पुष्कळ जण ब्रेक दाबून ठेवतात. तो तापतो, त्याची पकड जाते, आणि ज्या क्षणी त्याची खरी गरज असते त्या क्षणी तो दगा देतो. चढताना जो गिअर लागला तोच उतरताना ठेवावा, ही जुन्या चालकांची शिकवण निर्मलच्या बाजूचा घाट उतरणाऱ्यांना चांगली पाठ असते. काही मोटारघरांत गॅसच्या ज्योतीवर चालणारे शीतकपाट असते. ज्योतीने थंडी कशी होते याचे नवल वाटेल. पण आतील अमोनिया उष्णतेने व स्वतःच्या भाराने फिरतो, पंप नसतोच. म्हणून गाडी कलती उभी राहिली की तो फिरायचा थांबतो आणि दूध नासते. मुक्कामाला सपाट जागा शोधणारा मोटारघराचा मालक आणि चाकाखाली दगड लावणारा गाडीवान यांच्यात मग फारसे अंतर राहत नाही.

एक अंतर मात्र राहते, आणि ते पैशाचे नाही. बैलगाडी मोडली तर तिची दुरुस्ती जवळच्या गावात होत असे. सुतार तेथेच, लोहार तेथेच, लाकूडही तेथलेच. आता खुद्द बैलगाडीची तीच स्थिती होऊ लागली आहे जी परदेशी जुन्या मोटारीची असते. चाक बांधणारा सुतार म्हातारा होतो, मुलगा दुसरा धंदा धरतो, आणि चांगल्या गाडीचे चाक एकदा निखळले की ती अंगणात पडून राहते. टेम्पो व ऑटो करून जत्रेस येणाऱ्या कुटुंबांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणास आहे? आजारी म्हातारीला दोन तासांत पोहोचवणारे वाहन दोन दिवस लावणाऱ्या वाहनापेक्षा बरेच. तरीही कुळाची रीत म्हणून मेश्रामांनी छकडा अद्याप सोडलेला नाही. सिरिकोंड्याला मडकी सांगायला आजही तोच जातो.

केसलापुरास पोहोचल्यावर ही मंडळी वडाच्या झाडांखाली उतरतात. बैल सुटतात, गाड्या धुरा टेकून उभ्या राहतात. स्वयंपाक मनाला येईल तसा मांडायचा नसतो. कुळासाठी ठरलेल्या २२ चुलींवरच तो शिजतो, म्हणून घराघरांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचे असते. गाडीखाली मुले झोपतात, गाडीत धान्य राहते. अमावास्येच्या रात्री महापूजा होते आणि त्या वर्षी कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. तोपर्यंत त्यांना देवाचे दर्शन नसते. १९४० च्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुरू झालेला दरबारही याच जत्रेत भरतो. जमिनीची, पाण्याची, शाळेची गाऱ्हाणी तेथे अधिकाऱ्यांपुढे मांडली जातात.

जत्रा पांगली तरी सर्वांचा प्रवास संपत नाही. उटनूरजवळ शामपूर येथे बुडुमदेवाची जत्रा असते. मेश्राम मंडळी चुलींतील निखारे विझवतात, मडकी गवतात गुंडाळतात, कण्याला वंगण देतात आणि बैल पुन्हा जुंपतात.