खोटा पैसा नको



पावसाला पैशाचे आमिष दाखवायचे आणि मग तो पैसाच खोटा निघायचा, ते बडबडगीत आपण सर्वांनी म्हटले आहे. विहारातील रविवारच्या वर्गात मुलांना सांगितले, त्याच चालीवर तुमचा पाऊस लिहा. पंचशील पाठ असलेल्या एका मुलीने पावसाला खरा रुपया दिला. (आम्हा बँकवाल्यांना बरे वाटले!) एकाने विनवले, रात्री येऊ नकोस, पत्रा गळतो, आई जागी राहते. त्याने 'पानी' लिहिले होते. कुणा मोठ्याने खोडून 'पाणी' केले. कृपा करून खोडू नका. शुद्धलेखन शाळा शिकवीलच. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, ते मुक्यांना वाचा फुटावी म्हणून. वह्या बाहेर टेबलावर आहेत, जाताना जरूर वाचा.