हातीं आलेली बंदूक
(मालवण तालुक्यांतील एका वाचनालयांत एका शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



मी खेड्यांतल्या मराठी शाळेचा मास्तर. पलटणींत गेलों नाहीं, बंदूक कधीं उडविली नाहीं. मग लढाईंत हातीं आलेल्या शत्रूच्या बंदुकांवर बोलण्याचा याला अधिकार काय, असें कोणी विचारील. विचारावेंच. गेल्या शिमग्यांत आपल्या गांवांत दोन घरांमध्यें तंटा झाला. एका घरचे आजोबा मराठा पलटणींतले, दुसऱ्या घरचे आझाद हिंद फौजेंतले. एकानें म्हटलें, "तुमचे ते सायबाचे चाकर." दुसरा म्हणाला, "आणि तुमचे पळपुटे, लढले कुठें?" गोष्ट हातघाईवर आली. त्या तंट्याचें उत्तर मला काडतुसांत सांपडलें, म्हणून उभा राहिलों आहें.

आधीं जुना काळ पाहूं. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं अफजलखानाचा मोड झाला, तेव्हां हातीं आलेल्या जिनसांची यादी सभासदानें बखरींत दिली आहे. त्यांत चार हजार घोडे आहेत. शत्रूचा घोडा आपल्याकडे आला म्हणजे तो आपलें गवत खातो. तरवारीचें तसेंच. युरोपांतलीं पातीं आपल्या लोकांनीं घेतलीं, त्यांना आपली मूठ बसविली आणि त्यांनाच फिरंग म्हटलें. तोड्याची बंदूक धरली तरी अडत नसे, कारण शिशाची गोळी आपल्याच सांच्यांत ओततां येई आणि दारूहि इकडे होत असे. पुढें पितळी काडतूस आलें आणि सगळें बदललें. आतां बंदूक शत्रूकडून हिसकावली तरी तिचा घांस शत्रूच्याच कारखान्यांत शिजतो. दुसऱ्याची यांत्रिक होडी हातीं लागली आणि टांकींत डिझेल नसलें, तर रापणवाला तिला काय करील?

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीजवळच्या तिरोडें गांवचे. सँडहर्स्टला शिकलेले, इंग्रजी फौजेंतले अधिकारी. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि इतर हजारोंबरोबर तेहि जपान्यांचे कैदी झाले. दोन दिवसांनीं फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारें ४५,००० हिंदी शिपाई गोळा केले होते. त्यांच्यांतून आझाद हिंद फौज उभी राहिली. पहिली मोडली, नेताजी आल्यावर १९४३ सालीं पुन्हां उभारली गेली आणि भोसले तिचे चीफ ऑफ स्टाफ झाले.

या फौजेच्या हातांत बंदुका कोणत्या? मुख्यत्वें इंग्रजांच्याच. शरण येतांना खालीं ठेवलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफली आणि ब्रेनगनी जपान्यांनीं ताब्यांत घेतल्या आणि त्यांतून या फौजेला दिल्या. शत्रूचीं हत्यारें म्हणावीं, तर तीं ह्यांच्याच खांद्यावरचीं! एवढा एक फायदा मात्र झाला कीं नवें शिकावें लागलें नाहीं. दहा गोळ्यांचें तें मॅगझिन शिपाई अंधारांतहि भरीत असे.

परंतु काडतूस? जपानी पायदळाची जुनी रायफल साडेसहा मिलिमीटरची. नवी सात दशांश सातची, म्हणजे नळीचें माप जवळजवळ इंग्रजी रायफलीचेंच. म्हणून कोणी समजेल कीं भागलें. भागलें नाहीं. इंग्रजी काडतुसाच्या बुडाला कडा असते, जपानी रायफलीच्या त्या काडतुसाला तशी नाहीं, आणि लांबीहि निराळी. जपानी आरमाराच्या एका मशीनगनला इंग्रजी काडतूस चालत असे खरें, पण मणिपुरच्या डोंगरांत आरमार कुठलें! तेव्हां लुटींत आलें तेवढेंच काडतूस. उडविलेलें परत येत नाहीं.

१९४४ सालीं या फौजेची गांधी ब्रिगेड पालेलच्या विमानतळावर चालून गेली, तेव्हां जड सामान आणि मशीनगनी मागें राहिल्या. दर शिपायामागें एक कांबळें, एक रायफल आणि ५० काडतुसें. जपानी सेनापतींनीं तीन आठवड्यांच्या शिध्यावर इंफाळ घेण्याचा बेत केला होता. पुढचें पोट इंग्रजांच्या कोठारांवर भरणार होतें. कोठारें हातीं आलीं नाहींत. पाऊस आला, ताप आला, भूक आली.

पलीकडच्या बाजूला तीच थ्री-नॉट-थ्री आपल्या मराठा पलटणींच्या हातांत होती. मार्चच्या २२ ते २६ तारखांना सांगशाकच्या टेकडीवर पांचव्या मराठ्यांची चौथी पलटण पॅराशूट ब्रिगेडबरोबर वेढ्यांत लढली. पाण्यासाठीं जीव गेला, तरी जागा धरली. विमानांनीं टाकलेलें सामान बरेचसें जपान्यांकडेच पडलें, तेव्हां तिथें लुटीचा लाभ शत्रूला झाला. पुढें इंफाळला मात्र महिनोन् महिने विमानांतून दाणागोटा आणि दारूगोळा येत राहिला. एकाच मापाचें काडतूस एका बाजूला आभाळांतून उतरत होतें, आणि दुसऱ्या बाजूला कंबरपट्ट्यांत मोजून उरत होतें. मग पळपुटे कोणाला म्हणावयाचें?

चाकर म्हणणाऱ्यालाहि विचारतों. सांगशाकला चार दिवस तहानेनें घसा सुकलेला माझ्या तुमच्या घरचा पोर, त्याला तुम्ही तें तोंडावर म्हणाल काय?

माझ्या लहानपणीं वाडींत एक पेन्शनर हवालदार होते. लढाईची गोष्ट काढली कीं बिडी विझवीत आणि म्हणत, "मास्तरा, बंदूक कोनाची ता इचारू नको, काडतुसां किती आसत ता इचार." मी तेव्हां मास्तर नव्हतों, चौथींत होतों. पण चष्मा लागला म्हणून ते मला मास्तरच म्हणत. रात्रीं धरलेली शत्रूची बंदूक उडवूं नये, असेंहि ते सांगत. आवाजावरून आपलेच लोक आपल्यावर गोळ्या घालतात. इंफाळला तर दोन्हीकडे आवाज एकच, तेव्हां शिपायानें कान तरी कशावर ठेवावा?

जगन्नाथराव पुढें स्वतंत्र हिंदुस्थानांत पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. १९५४ सालीं निर्वासितांच्या मुलांसाठीं त्यांनीं राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. १९६३ सालीं ते वारले. सावंतवाडीस त्यांच्या नांवाचें उद्यान आहे. आपलीं मुलें तिथें झोपाळ्यावर बसतात आणि पाटीवरचें नांव कोणाचें तें विचारीत नाहींत.

एक विनंति करून खालीं बसतों. कोणाच्या घरीं आजोबांचे डिस्चार्जाचे कागद, बिल्ला किंवा लढाईंतलें पत्र असेल, मग तें कोणत्याहि बाजूचें असो, तें पुढच्या रविवारीं शाळेंत आणावें. सातवीचीं मुलें तिथेंच नक्कल करून घेतील आणि अस्सल कागद ज्याचा त्याला संध्याकाळपर्यंत परत मिळेल. तंटा झालेल्या दोन्ही घरांना मी स्वतः सांगून आलों आहें. एकानें हो म्हटलें. दुसऱ्यानें अजून कांहीं म्हटलेलें नाहीं, पण पेटी माळ्यावरून खालीं काढली आहे.