मत मांडण्याची भाषा
(महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



या शुभप्रसंगी शिक्षकाने दोन शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. शिक्षकाजवळ वर्गाखेरीज दुसरे काय असणार? तेव्हा वर्गातलीच गोष्ट आम्ही सांगतो.

सुरतेतल्या आपल्या मुलांना भाषांची वाण नाही. घरी मराठी, बाजारात गुजराती, शाळेत हिंदी व इंग्रजी, आमच्यासारख्यांच्या घरी उर्दूही. आता कोणी स्पॅनिश शिकू म्हणतात. तेही योग्यच. ती वीस देशांची राजभाषा आहे. आणि २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या वडोदऱ्यातच विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन भारताच्या व स्पेनच्या पंतप्रधानांनी मिळून केले.

ही भाषा मत मांडायला फार नीट शिकवते. ‘मे पारेसे’ म्हणजे हुबेहूब आपले ‘मला वाटते’. ‘तो येतो असे मला वाटते’ म्हणताना क्रियापद ‘बिएने’. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ म्हणताच त्याचे ‘बेंगा’ होते. खात्रीचे रूप निराळे, शंकेचे निराळे. इच्छा सांगणारा ‘ओहाला’ हा शब्द अरबीतून तिकडे गेला. त्यातले अल्लाहचे नाव आमच्या कानाला ओळखू येते. त्याच्यापुढेही ‘बेंगा’च येते.

पण व्याकरण पुस्तकातून मिळेल, मत कोठून आणावे? पाच भाषांत हिशेब करणारे मूल ‘तुला काय वाटते?’ म्हणताच खाली पाहते. कारण तो प्रश्न त्याला कोणत्याच भाषेत कोणी विचारलेला नसतो.

फादर वालेस यांचे उदाहरण पाहा. १९२५ साली स्पेनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९४९ साली भारतात आले. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते गणित शिकवीत. गुजराती शिकून १९६० साली त्यांनी ‘सदाचार’ हे पुस्तक लिहिले, आणि १९७८ साली गुजराती साहित्याचा रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाला. अहमदाबादच्या पोळांत ते घरोघरी पाहुणे म्हणून राहिले. परक्या भाषेत त्यांचे मत लोकांनी ऐकले, कारण आधी त्यांनी लोकांचे ऐकले होते.

म्हणून आमची एक विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत ‘पुढे काय शिकणार?’ असे विचारले की उत्तर बहुधा वडीलच देतात. मुलगी असेल तर हटकून देतात. यापुढे उत्तर मुलांनीच द्यावे, आणि ते पुरे होईपर्यंत आपण थांबावे. घरीही रात्री पानावर बसल्यावर असेच व्हावे. ‘एस्तोय दे आकुएर्दो’ म्हणजे ‘मी सहमत आहे’. आरंभी ‘नो’ लावले की ‘मी सहमत नाही’. हे दुसरे वाक्य मुलांना अदबीने बोलता आले पाहिजे, आणि आपल्याला शांतपणे ऐकता आले पाहिजे.

संस्थेने आजवर मुलांना वह्या-पुस्तके दिली. आता त्यांना बोलण्याची मुभाही मिळो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.