थंडीतील ऊब

बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० फूट उंच आहे. पौषातल्या तेथील रात्री बोचऱ्या असतात. पण ऊब मिळवण्यास फार पैसा लागत नाही. माळवदी घराच्या जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री परत देतात. मावळतीपूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात. जुन्या लुगड्यांची वाकळ अंगाखालीही अंथरावी, कारण गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते. कलबुर्गीकडे तुरीच्या काढणीनंतर तुराट्या सरपणाला असतातच. मात्र निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कोणीही निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपलेला माणूस जागाही होत नाही. निजण्यापूर्वी शेगडी अंगणात ठेवावी आणि मगच दार लावावे.