फल्लीदाण्यातला जाळ



फल्लीचा एक दाणा टाचणीला टोचा आणि त्याला काडी लावा. आधी तो तडतडतो, मग तेल सुटलं की पणतीसारखा जळत राहतो. वर परीक्षानळीत पाणी धरलं तर तापमापीतला पारा भराभर चढतो. हे पाहिलं की मुलं हमखास विचारतात, ‘‘आपल्या पोटातही असाच जाळ होतो का?’’ जाळ होत नाही. पण अन्नाचा प्राणवायूशी संयोग शरीरातल्या पेशींतही होतो, आणि ऊर्जा सावकाश मोकळी होते.

एक किलो पाणी एक अंशानं तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. या हिशेबानं एक ग्रॅम दाण्यांनी 100 मिलिलिटर पाणी 50 अंशांहून जास्त तापायला हवं. वर्गात तेवढं कधीच तापत नाही. बरीच उष्णता हवेत जाते, थोडी काच पिते, आणि न जळलेला अंश काजळी होऊन नळीच्या बुडाला बसतो.

ही गळती थांबवायला प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलरीमीटर असतो. जाड पोलादी भांडं, आत वाळवून दळलेल्या अन्नाची गोळी आणि सुमारे 30 वातावरणांच्या दाबानं भरलेला प्राणवायू. भांडं पाण्यात बुडवायचं, तारेतून वीज सोडायची. गोळी क्षणात जळते, आणि पाणी किती तापलं त्यावरून आकडा निघतो. त्याआधी बेंझोइक आम्लाची गोळी जाळून यंत्र पारखून घेतात; तिच्या एका ग्रॅमची उष्णता पक्की ठाऊक आहे, 6.32 किलोकॅलरी.

पोट मात्र असं बंद भांडं नाही. एक ग्रॅम प्रथिन बॉम्बमध्ये साडेपाचाच्या वर किलोकॅलरी देतं, शरीराच्या हाती चारच लागतात. बराचसा फरक युरियातून लघवीवाटे निघून जातो. अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हिशेब बसवला : प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थांना चार, स्निग्धांना नऊ.

आणखी एक गोष्ट या यंत्राला दिसत नाही, ती आपल्या वर्ध्यानं पाहिली. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं मगनवाडीत होतं. गांधीजी आणि कुमारप्पा यांनी तिथून हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. हातसडीचा तांदूळ आणि गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ यांच्या किलोकॅलरी जवळजवळ सारख्याच. पण कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व जातं, आणि ते उष्णतेच्या आकड्यात उतरत नाही. मला हा आग्रह आजही तितकाच रास्त वाटतो.

तरी आकडा हवाच. वावरात कापूस वेचणाऱ्या बाईची शिदोरी घ्या. 200 ग्रॅम ज्वारीच्या दोन भाकरी, वर 20 ग्रॅम जवसाची चटणी. सगळं मिळून पावणेआठशे किलोकॅलरीच्या आसपास. कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे 2,700 किलोकॅलरी लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. उरलेल्या एकोणीसशे तिला सकाळी आणि रात्री मिळतात का, हे आपापल्या घरात एकदा मोजून पाहा. आणि मोजताना तिचं ताट सगळ्यांत शेवटी वाढलं जातं का, तेही पाहा.